चौथा ठोका

कमळला गाणं कसं वाटलं हे विचारायचं असेल तर आधी पोटभर जेवून घ्यावं, असं तिचा धाकटा भाऊ चंदर म्हणायचा. नंतर घास उतरत नाही.

आता तोंडावर बोलणाऱ्या बाया वेसाव्याच्या कोळीवाड्यात काय कमी आहेत? इथे पापलेट शिळं असलं तर गिऱ्हाईकाच्या आधी शेजारीणच ओरडून सांगते. पण कमळचं बोलणं वेगळं होतं. ती रागाने बोलायची नाही, चढवून बोलायची नाही, आणि एकदा बोललेलं मागे घ्यायची नाही. बळवंत नाखव्याची ही थोरली पोर पंचवीस वर्षांची होती आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कॅसेटच्या कारखान्यात चेकर होती. भरून आलेल्या कॅसेटींतून मधलीच एखादी उचलायची, हेडफोन लावायचा, आणि कुठे खरखर आहे, कुठे आवाज बसलाय, कुठे टेप ओढली गेलीय ते ऐकायचं. दिवसाचे आठ तास हेच. आरत्या ऐकायच्या, कव्वाल्या ऐकायच्या, नेत्यांची भाषणं ऐकायची, आणि चूक सापडली की कॅसेट बाजूला टाकायची. असं चार वर्षं केल्यावर माणसाचा कान काय होईल, तुम्हीच सांगा.

आणि ही कमळ सॉल्ट पॅन बँडची पहिली चाहती. पहिली म्हणजे खरोखरची पहिली, कारण बँड सुरू झाला तेव्हा ऐकायला ती एकटीच होती. चार पोरं. गिटार वाजवून इंग्रजीत गाणारा मेल्विन मरोळ गावठाणातला, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईचा मूळचा ख्रिस्ती, त्याच्या घराच्या माळ्यावर प्रॅक्टिस चालायची. दोघं जुहूचे. आणि ड्रमवर चंदर. कारखाना सुटला की कमळ दहा मिनिटं चालत मेल्विनच्या माळ्यावर जायची, पदर खोचून खोक्यावर बसायची आणि ऐकायची. इंग्रजी तिला निम्मं कळायचं, निम्मं ती आपल्या मनाने भरायची. चर्चच्या पटांगणात, कॉलेजांच्या हॉलमध्ये, जुहूच्या एका हॉटेलच्या लॉनवर, जिथे म्हणून ही पोरं वाजवायला गेली तिथे ही साडी नेसून पहिल्या रांगेत. कॉलेजातल्या पोरी बघायच्या. बघू देत, तिला काय त्याचं?

दोन वर्षांपूर्वी बँडची पहिली कॅसेट निघाली तेव्हा मेल्विनने मोठ्या हौसेने विचारलं होतं, ''कमळ, कशी वाटली?''

कमळ म्हणाली होती, ''सहातली तीन गाणी फेकून दे. तू नाकातून गातोस. चौथं गाणं झकास आहे, पण ते तुझ्यामुळे नाय, चंदरमुळे.''

मेल्विन महिनाभर तोंड फिरवून होता. पण पुढच्या कार्यक्रमापासून ती तीन गाणी गुपचूप गळाली, आणि तेव्हापासून काहीही नवं केलं की पोरं आधी कमळची वाट बघायची.

हे सगळं बळवंत नाखव्याला ठाऊक होतं. म्हणून तर सत्याऐंशीच्या जूनमध्ये, बोट किनाऱ्यावर ओढून झाल्यावर, त्याने घरात सगळ्यांसमोर आपला निवाडा सांगितला. नारळी पुनवेनंतर बोट पाण्यात जाणार. बोटीवर एक माणूस कमी. तो माणूस चंदर. पण मासेमारीचा हंगाम तोच कॉलेजांच्या फेस्टिव्हलांचा हंगाम, बोटीवर गेला की बँड संपला. गेली दोन वर्षं बापाने चालवून घेतलं होतं. आता नाही.

''ती तुमची नवी कॅसेट येतंय ना? पुनवेच्या आधी येऊ दे,'' नाखवा म्हणाला. ''कमळ बोलली चांगली हाय, तर जा. मी परत नाव काढनार नाय. नाय बोलली, तर बोटीवर. मना त्यातलं काय कलत नाय. तिला कलतं, आनि ती कोनाची भीड धरत नाय.''

''मला कशाला मध्ये घालतोस, बा?'' कमळ म्हणाली.

असं म्हणाली खरी, पण आतून तिला बरं वाटलं होतं. घरात सोनूबाई, म्हणजे तिची आई, बापाशी मासळीवरून भांडायची ती बरोबरीने, पण असा पंच म्हणून मान तिलाही कधी मिळाला नव्हता. कमळने तो मान अंगाला लावून घेतला. चंदर लगेच कबूल झाला. म्हणाला, ''चालेल. बाय बोलेल ते.'' तिला तो 'बाय'च म्हणायचा, कोळ्यांत बहिणीला, लेकीला म्हणतात तसं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नव्या कॅसेटची भरणी, म्हणजे कोऱ्या कॅसेटींत गाणी उतरवण्याचं काम, कमळच्याच कारखान्यात आली. पाचशे प्रती. नाव 'सेव्हन बंगलोज', वर समुद्राचं धूसर चित्र, आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरांत चौघांची नावं. ड्रम्सपुढे चंदर. कमळने सुपरवायझरला सांगून तो गठ्ठा आपल्या टेबलावर मागून घेतला. नियमाने सुरुवात, मध्य आणि शेवट एवढंच ऐकायचं असतं. तिने जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता दोन्ही बाजू ऐकल्या.

गाणी चांगली होती. उगाच कशाला नाही म्हणा. मेल्विन आता छातीतून गात होता. गिटार मागच्यासारखी अंगावर येत नव्हती, पण जिथे यायला हवी तिथे बरोबर येत होती. कॅसेटच्या नावाचं गाणं तर पहिल्या दमात तिच्या डोक्यात बसलं. पाच मिनिटं कमळ खूश होती, मनातल्या मनात चंदरची बॅग भरत होती. मग तिचा कान ड्रमवर गेला.

हा चंदर नव्हता.

कसा ओळखला म्हणाल, तर त्यासाठी हळदीचं सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाआधी हळदीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन देवळात पाया पडायला मिरवणूक निघते. गल्ल्या चिंचोळ्या, त्यामुळे मिरवणूक लांबच लांब होते. बाजा पुढे, नवरा मध्ये, आणि नाचणाऱ्या बाया पार मागे. पुढच्या ढोलाचा आवाज मागे पोचेपर्यंत बायांचा पाय ढिला पडतो. म्हणून जुने वाजवणारे शिकवतात, की चौथा ठोका जरासा आधी टाक, मागच्या बाईला ओढून घे. आता ठोका आधी टाकल्याने आवाज लवकर पोचतो की नाही हे शास्त्रवाल्यांना विचारा. पण बाया नाचतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चंदर बारा वर्षांचा असल्यापासून हळदीच्या बाजात ढोल वाजवत होता. तो चौथा ठोका त्याच्या हाडात बसला होता. पुढे मेल्विनच्या माळ्यावर इंग्रजी ड्रम आला, काठ्या बदलल्या, गाणी बदलली, पण चौथा ठोका तसाच, केसाएवढा आधी. त्यामुळेच सॉल्ट पॅनची गाणी ऐकताना बसलेला माणूस जरा पुढे सरकून बसायचा. कशामुळे ते कोणाला सांगता यायचं नाही. कमळला यायचं.

आणि ह्या कॅसेटवर चौथा ठोका जिथल्या तिथे पडत होता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, एकदाही पुढे नाही, एकदाही मागे नाही. साफ. कुठे बोट ठेवायला जागा नाही.

तिने दुसरी कॅसेट उचलून लावली. तिसरी लावली. जसं काही तिसरीत चंदर सापडणार होता.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि प्रत्येक गोष्ट बरोबर जागी बसत गेली. एप्रिलपासून चंदर तिला माळ्यावर येऊ देत नव्हता. म्हणायचा, ''नवीन कॅसेटचं काम चालू आहे, तयार झाल्यावर एकदम ऐक.'' घरी यायचा तो गप्प गप्प. मे महिन्यात दोन हळदींची बोलावणी आली होती ती त्याने परत लावली, हात दुखतोय म्हणून. खोटं बोलत होता तर. मेल्विनने आणि स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्याने त्याला बाजूला काढलं होतं, कोणी तरी भाड्याचा वाजवणारा आणून बसवला होता, आणि बापासमोर लाज राहावी म्हणून कागदावर नाव तेवढं ठेवलं होतं.

कमळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग मेल्विनचा आला, आणि चंदरचाही. हे पोरगं आपल्याला फसवून पास व्हायला बघतंय. माझ्याच कानाला फसवतंय.

खरं म्हणजे घरी जाऊन सरळ विचारायचं होतं, ''चंदर, हा कोण वाजवतोय रे?'' एवढ्या चार शब्दांचं काम. जगाला तोंडावर बोलणारी ही बाई, पण ते चार शब्द तिच्याने निघेनात. विचारलं आणि तो डोळ्यांत बघून खोटं बोलला तर? ते तिला सोसवलं नसतं. म्हणून तिने विचारलंच नाही. इथेच चुकली, दुसरं काय.

रविवारी सकाळी चंदरने कॅसेट घरी आणली. नाखव्याने ते ऐकणं म्हणजे पंचायतच करून टाकली. ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवला, शेजारचा रेडिओ बंद करवला, स्वतः जाळं मांडीवर घेऊन बसला. सोनूबाई सुके बोंबील निवडत होती, तिलाही हात थांबवायला सांगितलं. चंदर खांबाला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. केस विंचरलेले. पोरगी बघायला जाताना पोरं दिसतात तसा दिसत होता.

दोन्ही बाजू एकामागोमाग वाजल्या. नाखव्याने डोळे मिटून ऐकलं. सोनूबाईची मान एका गाण्यावर हलली, मग नवऱ्याकडे बघून थांबली.

''बोल, बाय,'' नाखवा म्हणाला.

कमळ चंदरकडे न बघता म्हणाली, ''गाणी चांगली आहेत. मागच्यापेक्षा चांगली. पण ढोल चंदरचा नाय.''

''म्हंजे?''

''म्हणजे हा दुसऱ्या कोणी तरी वाजवलाय. चंदरचा हात मी झोपेत ओळखेन. हा तो नाय. कागदावर नाव आहे, बाजा दुसऱ्याचा आहे.''

कॅसेट संपून टेपरेकॉर्डर नुसता सरसरत होता. सोनूबाई म्हणाली, ''अगं, काय बोलतंस?'' नाखव्याने पोराकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

चंदरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीच आलं नाही. मग त्याने हाताची घडी सोडली आणि आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघितलं. नाकारलं नाही, कबूलही केलं नाही. पुढे आला, टेपरेकॉर्डर बंद केला, आणि बापाच्या शेजारी बसून जाळ्याचं दुसरं टोक मांडीवर घेतलं.

''पुनवेला बोटीवर?'' नाखव्याने विचारलं.

''हो,'' चंदर म्हणाला.

बस, एवढंच. नाखव्याचा चेहरा पडला होता. पोरगं बोटीवर येणार म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण खोटं बोलणारं पोरगं बोटीवर कोणाला हवंय? कमळ आत गेली आणि तिने उगाचच स्वच्छ भांडी पुन्हा घासली. आपण खरं तेच बोललो, असं ती स्वतःला चार वेळा सांगत होती. खरं बोललेलं माणूस स्वतःला असं चार वेळा सांगत नाही, पण हे तिला कोण समजावणार.

बुधवारी दुपारी मेल्विन तयार कॅसेटींचे खोके न्यायला कारखान्यात आला. कमळने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तोच टेबलापाशी येऊन उभा राहिला.

''चंदर तीन दिवस आला नाय. फोनवर पण येत नाय. आजारी आहे काय?''

''बोटीवर जाणार आहे तो,'' कमळ म्हणाली. ''तुला काय फरक पडतो? तुझ्याकडे दुसरा आहेच की.''

''दुसरा कोण?''

''कॅसेटवर वाजवलंय तो.''

मेल्विन तिच्याकडे बघत राहिला. मग खाली स्टुलावर बसला. आणि त्याने जे सांगितलं ते कमळ हेडफोन गळ्यात अडकवून ऐकत राहिली.

रेकॉर्डिंगवाल्याने मार्चमध्ये पहिल्याच दिवशी चंदरला थांबवलं होतं. म्हणाला, तुझा हात पळतो. आता एकेक वाद्य वेगळं घ्यायचं असतं, मग एकावर एक बसवायचं असतं. ड्रम असा पळायला लागला तर बाकीचे कशावर बसतील? एक तर हात सुधार, नाही तर मी माझा माणूस आणतो. मेल्विनने आणि जुहूच्या दोघांनी मान डोलावली होती, हेही त्याने सांगितलं, मान खाली घालून. चंदरने मुदत मागून घेतली. लाकडी डबीतलं टिकटिक करणारं ते मास्तरांचं यंत्र असतं ना, पियानो शिकवताना ठेवतात ते, मेल्विनच्या आत्याकडचं, ते आणलं. एप्रिल, मे, जून आणि अर्धा जुलै. रोज पाच तास, कधी सहा. ती टिकटिक कानाशी ठेवून एकच ताल. चौथा ठोका पुढे गेला की थांबायचं, पहिल्यापासून. मनगटं सुजली, पट्टी बांधून वाजवलं. जुलैमध्ये परत गेला आणि दोन दिवसांत सगळी गाणी वाजवून टाकली. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, असं वाजवणारे मुंबईत दोन-तीन असतील.

''सगळा तोच आहे, कमळ,'' मेल्विन म्हणाला. ''प्रत्येक ठोका. माझ्या आईची शपथ. ओळखू येत नाय ना? एकदम मशीनसारखा.''

ओळखू येत नाय ना, असं तो कौतुकाने म्हणाला. कमळला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. चार महिने ह्या पोराने मनगटं सुजवून एकेक ठोका कमावला, आणि आपण आईबापासमोर त्याला चोर ठरवलं. वर तो गप्प बसला. का बसला? एक शब्द बोलला असता तर!

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती निघाली. मरोळवरून वेसाव्याला पोचायला दोन बस बदलाव्या लागतात. दोन्ही बसमध्ये ती उभीच राहिली, जागा होती तरी. घरी न जाता तडक किनाऱ्यावर गेली. बोट ओंडक्यांवर टेकवलेली होती आणि चंदर एकटाच तिला निळा रंग देत होता. बाप जरा लांब इंजिनवाल्याशी बोलत उभा होता.

''मेल्विन भेटला,'' कमळ म्हणाली.

चंदरने ब्रश थांबवला नाही. ''मग?''

''मग काय मग? तू का नाय बोललास रे रविवारी? मी तुला सगळ्यांदेखत खोटा पाडला आणि तू मुकाट बसून जाळं ओढलंस. एक शब्द बोलायला काय जीभ झडली होती तुझी?''

''काय बोलणार?''

''मीच वाजवलंय, असं बोलायचं.''

चंदरने आता ब्रश डब्याच्या काठावर ठेवला. ''मला पण तसंच वाटलं होतं, बाय. रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी मोठ्या स्पीकरवर लावलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं, हा कोण वाजवतोय? बरा वाजवतोय, पण कोण आहे? म्हटलं, माझंच डोकं फिरलंय. इतके दिवस ती टिकटिक ऐकून होतं तसं. मेल्विनला कळलं नाय, कोणालाच काय कळलं नाय. मग तू बोललीस, हा चंदर नाय.'' तो थांबला. ''मला वाईट नाय वाटलं. खोटं नाय सांगत. उलट बरं वाटलं. म्हटलं, कोणाला तरी माझा हात ठाऊक आहे.''

कमळने तोंड वळवून पदराने डोळे टिपले. तिला बोलताच येईना, आणि ह्या बाईला बोलता येईना असं कोळीवाड्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

''म्हणून गप्प बसलो,'' चंदर म्हणाला. ''ज्यात मी नायच, ती कॅसेट दाखवून बा-कडून सुट्टी कशी मागू? बोटीवर जातो. तिथे तरी हात माझा राहील.''

एवढ्यात नाखवा आलाच. पोरगी भर दुपारी कामावरून किनाऱ्यावर, डोळे लाल, म्हणजे काही तरी झालंय हे त्याने लांबूनच ताडलं होतं. ''काय गो?''

''बा, मी चुकले,'' कमळ म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली, म्हणून असेल, आवाज फाटला. ''तो ढोल चंदरचाच आहे. सगळाच्या सगळा. चार महिने मेहनत करून त्याने हात बदललाय. मला ओळखता नाय आला. तो खोटं काय बोललाच नाय.''

नाखव्याने पोराकडे बघितलं. मग त्याने रंग लागलेला न बघता चंदरच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. रविवारपासून त्याच्या छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं, ते तेवढ्यातच दिसलं.

''बरं झालं,'' तो म्हणाला. ''पन माजा शब्द तसाच हाय. आता सांग. कॅसेट कशी हाय?''

घ्या. पुन्हा तेच, आणि ह्या वेळी चूक करून चालणार नव्हतं. चांगली म्हटलं की चंदर सुटला, एका शब्दाचं काम. त्याच्यावर आपण केलेला अन्याय त्या एका शब्दात फिटला असता. चंदर ब्रशच्या केसांतला वाळलेला रंग नखाने काढत होता, तिच्याकडे बघत नव्हता. कमळने तोंड उघडलं आणि तिला कळलं की तो एक शब्द तिच्याकडून निघणार नाही.

''मेल्विन चांगला गायलाय,'' ती म्हणाली. ''गाणी नीट बसलीत. ढोलात एक चूक नाय. कारखान्यात माझ्यासमोर आली असती तर मी डोळे मिटून पास केली असती. पण मला नाय आवडली, बा.''

चंदरची मान वर झाली आणि पुन्हा खाली गेली.

''म्हंजे बोटीवर,'' नाखवा म्हणाला. त्यालाही ते म्हणताना बरं वाटलेलं नव्हतं.

''नाय. जाऊ दे त्याला.''

''आवडली नाय आनि जाऊ दे? असं कसं गो? तुज्यावर सोडलं होतं मी.''

''माझ्यावर सोडलं होतंस ना? मग ऐक.'' कमळने पदराने नाक पुसलं. ''आवडली असती तर मीच बोलले असते, झालं ह्याचं, मनासारखी कॅसेट निघाली, आता ये बोटीवर. आवडली नाय म्हणूनच जायला पायजे. एवढी मनगटं सुजवून तो दुसऱ्यासारखा वाजवायला शिकला. आता तसंच साफ, पण स्वतःसारखं वाजवायचं राहिलंय. ते अर्धं टाकून हा बोटीवर आला तर सगळा जन्म त्याचा एक पाय किनाऱ्यावरच राहील. तुला असा खलाशी हवाय?''

नाखवा बोटीकडे वळला. बोटीच्या अंगाला हात लावून रंग सुकला का ते बघत राहिला. सुकला नव्हता, बोटं निळी झाली.

''तू काय बोलतंस?'' त्याने शेवटी पोराला विचारलं. जूनपासून आतापर्यंत हे त्याने चंदरला एकदाही विचारलं नव्हतं.

''मला भीती वाटते,'' चंदर म्हणाला. ''तो जुना हात परत येतो की नाय, ठाऊक नाय. आता मुद्दाम टाकायला गेलो तरी चौथा ठोका जिथल्या तिथेच पडतो.''

हे त्याने बहिणीला सांगितलं नव्हतं. कमळ बोटीला टेकली.

''मंग हितं बसून येनार हाय काय परत?'' नाखवा चिडून म्हणाला. ''बोटीवर काय ढोल बांधलेत तुज्या बापानं? जा. ती जाऊ दे बोलली ना, जा मंग. पुनवेच्या पूजेला तेवढा थांब.''

आणि तो पाठ फिरवून इंजिनवाल्याकडे निघून गेला, भराभर, वाळूत चालता येतं तेवढं. बोटीवर माणूस कमीच राहणार होता, आणि तो आता कुठून आणायचा ह्याचा विचार त्याला आजच करायला लागणार होता.

चंदर तिथेच उभा होता. ''बाय,'' तो म्हणाला, ''एकदा खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं.''

''तुला चाललं असतं?''

त्याने विचार केला. ''नाय,'' म्हणाला.

''मग जा. मेल्विनला फोन कर. तीन दिवस तोंड पाडून बसलाय तो. आणि त्याला सांग, ह्यापुढे प्रॅक्टिसला मी येणार, माळ्याचं दार लावायचं नाय.''

चंदरने डोळे पुसले आणि गालावर निळा रंग लागला. तसाच तो फोन करायला वाण्याच्या दुकानाकडे पळाला. कमळने साडी वर खोचली, डब्यावरचा ब्रश उचलला आणि बोटीची राहिलेली बाजू रंगवायला घेतली.